इम्मा ई-ॲटलस : समुद्राचा हा नकाशा डीएनएवर किती उभा आहे?

मस्कतला एका पर्यावरण सल्लागार कंपनीत मी नकाशे बनवते. कधी बंदराचा धक्का वाढवायचा असतो, कधी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाची पाइपलाइन टाकायची असते, कधी तेल शोधण्याआधी एअरगनचे बार काढून समुद्रतळ चाचपायचा असतो. काम कुठलंही असो, सुरुवातीचा प्रश्न ठरलेला: या पाण्यात कुठले डॉल्फिन आणि कुठले देवमासे आहेत, आणि ही जागा त्यांना कशासाठी लागते? उत्तर शोधायला मी सगळ्यात आधी इम्मा ई-ॲटलस उघडते. तो फुकट आहे, साध्या ब्राउझरमध्ये चालतो आणि वापरायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. मूळची मी मालवणजवळच्या देवबागची, त्यामुळे कामासाठी ओमानचा किनारा बघून झाला की माझा हात आपोआप नकाशा पूर्वेला सरकवतो. दोन्ही किनारे एकाच नकाशात पाहून जे मत तयार झालं, ते इथे मांडते आहे.

आधी ही चीज काय आहे ते सांगते. इम्मा म्हणजे ‘इम्पॉर्टंट मरीन मॅमल एरियाज’, समुद्री सस्तन प्राण्यांसाठी महत्त्वाची क्षेत्रं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने २०१३ मध्ये यासाठी एक टास्क फोर्स उभा केला. जुझेप्पे नोतारबार्तोलो दि शारा आणि एरिक हॉइट हे दोघे त्याचे प्रमुख. जगाच्या समुद्राचे विभाग पाडायचे, एकेका विभागातल्या संशोधकांना एकत्र बसवायचं, ज्याच्याकडे जो पुरावा असेल तो टेबलावर ठेवायचा आणि नकाशावर सीमा आखायच्या, अशी पद्धत. मग त्या प्रस्तावांची बाहेरच्या तज्ज्ञांकडून छाननी होते. टिकतात त्यांना इम्माचा दर्जा मिळतो. पुरावा कमी पडतो ती क्षेत्रं ‘लक्ष ठेवण्याजोगी’ म्हणून वेगळी दाखवतात. पहिली कार्यशाळा २०१६ मध्ये भूमध्य समुद्रासाठी झाली. अरबी समुद्र आणि पश्चिम हिंदी महासागराची पाळी २०१९ मध्ये आली, ती इथेच, ओमानमधल्या सलालाला. आज जगभर अशी अडीचशेहून जास्त क्षेत्रं नकाशावर आहेत.

वापर सरळ आहे. नकाशा उघडायचा, हवा तो किनारा जवळ आणायचा, रंगवलेल्या क्षेत्रावर क्लिक करायचं. नाव, थोडक्यात माहिती आणि माहितीपत्रकाचा दुवा समोर येतो. त्या पीडीएफ पत्रकातच खरा ऐवज आहे: कुठल्या प्रजातींमुळे क्षेत्र निवडलं, कुठल्या निकषावर निवडलं, आणि प्रत्येक निकषामागे कुठला अभ्यास उभा आहे. रंगीत तुकडे बघून नकाशा बंद करणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. सीमांचा कच्चा डेटा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा असेल तर अर्ज भरून मागावा लागतो, आणि ते मला योग्यच वाटतं. कोण कशासाठी वापरतंय याची नोंद राहते.

निकष चार गटांत आहेत. पहिला गट प्रजाती किंवा तिची वसाहत किती धोक्यात आहे याचा. दुसरा संख्येचा: लहान, एकाच जागी राहणारी वसाहत आहे का, की मोठ्या संख्येने प्राणी जमतात. तिसरा आयुष्यक्रमाचा: वीण कुठे, खाणं कुठे, ये-जा कुठून. चौथा खास गुणांचा, आणि त्याच्या दोन उपगटांपैकी एक म्हणजे ‘वेगळेपण’. जनुकीय, वर्तनाच्या किंवा परिसराच्या दृष्टीने वेगळी असलेली वसाहत ज्या पाण्यावर जगते, ते पाणी या निकषात बसतं. माझ्या दृष्टीने या सगळ्या ॲटलसचा जीव या एका रकान्यात आहे.

त्याचं कारण असं. डॉल्फिन किती दिसले, यावरून तुम्हाला गर्दी कळते. गर्दी आणि महत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या खाडीच्या तोंडाशी वीसच डॉल्फिन असतील, पण ते हजारो वर्षं इतरांपासून तुटलेले असतील, तर ते वीस गेल्यावर शेजारून कुणी येऊन ती जागा भरणार नाही. उलट दोनशेंचा कळप दिसत असेल आणि तो मोठ्या, मिसळत राहणाऱ्या वसाहतीचा भाग असेल, तर तिथलं नुकसान भरून निघण्याची निदान शक्यता असते. ‘ही जागा रिकामी झाली तर पुन्हा भरेल का?’ या प्रश्नाचं उत्तर दुर्बिणीतून मिळत नाही, फोटोतूनही मिळत नाही. ते पेशीतून मिळतं. पर्यावरण अहवाल लिहिताना बिल्डरला, बंदरवाल्याला किंवा मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला पटवायचा मुद्दाही शेवटी हाच असतो.

ओमानच्या बाजूला हे उत्तर कसं मिळालं, ती हकिकत मला फार मोलाची वाटते. अरबी समुद्रात हंपबॅक देवमासे आहेत. जगभरचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात जाऊन खातात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात येऊन वितात. अरबी समुद्रातले कुठेच जात नाहीत. नैऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्यालगत खोल, थंड, पोषक पाणी वर खेचून आणतात आणि उष्ण कटिबंधात राहूनही त्यांना पोटभर अन्न मिळतं. आपल्याकडे पाऊस घेऊन येणारा वारा तिकडे देवमाशांची पंगत मांडतो. १९६० च्या दशकाच्या मध्याला सोव्हिएत ताफ्यांनी अरबी समुद्रात बेकायदा शिकार करून २४२ हंपबॅक मारले, त्यातले काही भारत आणि पाकिस्तानच्या समोरच्या पाण्यातले. हा हिशेब जगासमोर यायला १९९० चं दशक उजाडलं. मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या पिल्लांची लांबी त्या नोंदींत होती, आणि तिच्यावरून दिसलं की यांच्या विणीचं वेळापत्रक उत्तर गोलार्धाचं आहे. म्हणजे विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून पाहुणे म्हणून आलेले हे देवमासे नव्हेत.

पक्का पुरावा २०१४ मध्ये आला. ओमानच्या पाण्यातून जमवलेले ऊतींचे ६७ नमुने, त्यातलं आईकडून येणारं मायटोकॉन्ड्रियाचं डीएनए आणि पेशीकेंद्रातल्या ११ जागा तपासून दक्षिण गोलार्धातल्या आणि उत्तर पॅसिफिकमधल्या हंपबॅकशी ताडून पाहिल्या. निष्कर्ष असा की अरबी समुद्रातली ही वसाहत सुमारे ७०,००० वर्षं इतरांपासून अलग आहे. जनुकीय विविधता कमी, आणि संख्या पूर्वीही आणि अलीकडेही आक्रसल्याच्या खुणा. शेपटीच्या फोटोंवरून ओमानमध्ये त्यांचा अंदाज ८२ च्या आसपास निघाला होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ८२ हा आकडा एकटा वाचला तर ‘थोडे उरलेत’ एवढंच कळतं. त्याच्या जोडीला ७०,००० वर्षं वाचली की ओमानमधल्या मसिरा बेटाच्या आसपासचं आणि धोफारच्या किनाऱ्यासमोरचं पाणी का जपायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही. दक्षिण हिंदी महासागरात हंपबॅक हजारोंनी आहेत. त्यातला एकही इथली उणीव भरून काढायला येणार नाही.

ते नमुने मिळवण्याचं काम अतिशय कष्टाचं आहे. इथल्या एका प्रशिक्षणात एका संशोधिकेने आम्हाला बाण हातात दिला होता. क्रॉसबोने मारायचा, हलका, टोकाशी बोटाच्या पेरापेक्षा बारीक पोकळ पातं, आत मागे वळलेले छोटे काटे, आणि पात्यामागे फोमची जाड गादी. गादीमुळे बाण आत घुसत नाही, अंगावर आपटून उसळतो आणि पाण्यावर तरंगत राहतो. मग होडी वळवून तो उचलायचा. पात्यात पेन्सिलीच्या शिसासारखा एक तुकडा अडकलेला असतो: वर काळी कातडी, खाली पांढरी चरबी. तिने काचेच्या नळीत अल्कोहोलमध्ये ठेवलेला असा तुकडा दाखवला. नळीवर पेन्सिलीने तारीख, अक्षांश-रेखांश आणि प्राण्याचा फोटो क्रमांक. प्राणी नर की मादी, हाच प्राणी आधी दुसरीकडे सापडला होता का, त्याची आई कुठल्या वंशाची, हे सगळं त्या तुकड्यातून निघतं. नळीवरचे ते अक्षांश-रेखांश नसते तर नकाशासाठी त्या तुकड्याचा काही उपयोग नव्हता. जनुकीय माहिती जागेशी बांधलेली असते तेव्हाच तिच्यातून अधिवास दिसतो.

एकच नमुना किती काम करू शकतो याचं उदाहरण मेक्सिकोच्या आखातातलं आहे. तिथले देवमासे बरीच वर्षं ब्राइडस व्हेल म्हणून मोजले जात. २०१४ मध्ये डीएनएवरून ते अगदी वेगळे असल्याचं दिसलं, आणि २०२१ मध्ये त्यांना राइसेस व्हेल ही स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव मिळालं. शंभराहून कमी उरलेत. ते आखाताच्या ईशान्य कोपऱ्यातच राहतात असं धरून चाललेलं होतं. २०१७ मध्ये टेक्सासच्या समोर एक देवमासा दिसला, त्याच्या कातडीचा नमुना घेतला आणि तो याच प्रजातीचा निघाला. पश्चिमेकडचं पाणीही त्यांचं आहे हे त्या तुकड्याने सांगितलं. पुढे पाण्याखालच्या ध्वनिमुद्रणानेही त्याला दुजोरा दिला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या नोआ या सरकारी सागरी संस्थेने त्यांच्यासाठी जो महत्त्वाचा अधिवास प्रस्तावित केला, तो आखातातला १०० ते ४०० मीटर खोलीचा सलग पट्टा आहे. एका कोपऱ्याचा पट्टा झाला तो असा.

न्यूझीलंडच्या माऊई डॉल्फिनचंही तसंच. उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर उरलेले हे पन्नाससाठ प्राणी दक्षिण बेटावरच्या हेक्टर्स डॉल्फिनहून वेगळी उपप्रजाती आहेत हे २००२ मध्ये मान्य झालं. त्यांची मोजदादही डीएनएवर चालते: नमुना घ्यायचा, काही काळाने पुन्हा घ्यायचा, किती ‘ओळखीचे’ परत भेटले त्यावरून एकूण संख्या काढायची. त्याच नमुन्यांत दक्षिण बेटावरून आलेल्या हेक्टर्सच्या माद्या ओळखल्या गेल्या. डोळ्यांनी बघून हा फरक कुणालाही कळला नसता.

आता आपल्या किनाऱ्याकडे येते. ॲटलसवर ‘सिंधुदुर्ग–कारवार’ या नावाचं क्षेत्र आहे. पहिल्यांदा ते नाव बघितलं तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता यायचा नाही. दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटक यांचं किनाऱ्यालगतचं पाणी त्यात येतं. ज्यांच्यासाठी ते आखलंय ते प्राणी म्हणजे हंपबॅक डॉल्फिन, आपले गादे, आणि पाठीवर पर नसलेला, डॉल्फिनसारखाच पण छोटा फिनलेस पॉरपॉईज. दोघेही किनारा सोडून लांब जात नाहीत. गादा उथळ पाण्यातला, खाड्यांच्या तोंडाशी वावरणारा, आणि आययूसीएनच्या यादीत धोक्यात आलेला. कोकणातल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं होडीतून फिरून, पाठीवरच्या पराच्या खाचांचे फोटो काढून, मच्छीमारांशी बोलून जी माहिती गोळा केली, तिच्याशिवाय हे क्षेत्र नकाशावर आलं नसतं.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचं. देवबागच्या संगमावर कर्ली नदीचं पाणी जिथे समुद्राला मिळतं, जिथे त्सुनामी आयलंडकडे पर्यटकांच्या होड्यांची रीघ असते, तिथे गादे मी लहानपणापासून बघत आले. ते अभयारण्याच्या रेषेत राहत नाहीत. इम्माची सीमा प्राणी जिथे आहेत तिथे आखली आहे, राज्याची हद्द न मानता. आरोंद्याला तेरेखोलच्या खाडीत गादा पाण्याखाली गेला आणि गोव्याच्या बाजूला वर आला, तर त्याच्यासाठी काहीच बदललेलं नसतं. हा नकाशा ते मानतो.

बाबांना फोनवरून हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एका वाक्यात विषय संपवला: “मासो जंय, थंय गादो. तेका नकाशो कित्याक?” रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीत, उभं आयुष्य गेलेल्या माणसाचं हे म्हणणं मी हलक्यात घेत नाही. तारली आणि पेडवे कुठे लागतात, खाडीचा गढूळ पट्टा कुठवर येतो, यावरून गादे कुठे असतील ते त्यांना अचूक कळतं. पण देवबागचे गादे वेंगुर्ल्याच्या आणि पुढे कारवारच्या गाद्यांत किती मिसळतात, कच्छच्या खाडीतल्यांशी यांचं नातं किती जवळचं, हे रापणीच्या जागेवर उभं राहून दिसत नाही. आणि धोका ठरतो तो त्यावर.

हंपबॅक डॉल्फिनच्या बाबतीत अशी विभागणी होते, हे इतरत्र दिसलेलं आहे. ओमान आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा यांच्यावरच्या गाद्यांच्या डीएनएचा अभ्यास २०११ मध्ये झाला, त्यात उपग्रहावरून मोजलेलं पाण्याचं तापमान, हरितद्रव्य आणि गढूळपणा सोबत घेतला होता. पाणी जिथे बदलतं तिथे वसाहतीही तुटतात, असं दिसलं. सलग दिसणारा किनारा डॉल्फिनच्या दृष्टीने सलग नसतो. बांगलादेशच्या समोर, जिथे गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी उतरतं आणि ‘स्वॉच ऑफ नो ग्राउंड’ ही खोल दरी किनाऱ्याच्या दिशेने घुसलेली आहे, तिथले गादे आणि बॉटलनोज डॉल्फिन दोन्ही शेजारच्यांहून जनुकीयदृष्ट्या वेगळे निघाले. नद्यांच्या गोड्या पाण्याचा पट्टा आणि दरी यांनी तिथे जणू कुंपण घातलं आहे. कोकणात तर दर काही मैलांवर एक खाडी आहे आणि पावसाळ्यात किनाऱ्याचं सगळं पाणी लालगढूळ होतं. प्रश्न आपोआप उभा राहतो.

इथे ॲटलसची पहिली उणीव सांगते. ‘वेगळेपण’ या एकाच निकषात जनुकीय, वर्तनाचं आणि परिसराचं वेगळेपण एकत्र बांधलं आहे. नकाशावर दोन क्षेत्रांना हाच निकष लागलेला दिसतो. पण एकामागे डीएनए असू शकतो आणि दुसऱ्यामागे शिकारीची एखादी खास पद्धत. दोन्ही महत्त्वाचं, पण अहवाल लिहिणाऱ्याला दोन्हींचा अर्थ वेगळा. कुठलं काय आहे ते कळायला प्रत्येक पत्रक उघडून वाचावं लागतं. नकाशावर एक जास्तीचा थर हवा: जनुकीय नमुने कुठून घेतले गेले त्याचे ठिपके, वर्ष आणि प्रजातीसह. तो असता तर अरबी समुद्राच्या पश्चिम काठावर ठिपक्यांचा पुंजका आणि पूर्व काठावर बरीच मोकळी जागा, हे चित्र एका नजरेत दिसलं असतं.

पूर्व काठ अगदी कोरा आहे असं नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्याला लागलेल्या आणि जाळ्यात सापडून मेलेल्या डॉल्फिन-पॉरपॉईजच्या ऊतींवरून प्रजाती ओळखण्याचं काम २००८ च्या सुमारास प्रसिद्ध केलं. पण मेलेला प्राणी कुठून वाहत आला हे सांगता येत नाही, म्हणजे नळीवरचे अक्षांश-रेखांश ढिले होतात. जिवंत प्राण्याचा नमुना घ्यायचा तर हे सगळे प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, परवानगी लागते. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा तर गादा, पॉरपॉईज, हंपबॅक तिन्ही साइटस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, आणखी परवाने लागतात. हे नियम शिकार आणि व्यापार थांबवण्यासाठी आहेत आणि ते असायलाच हवेत. त्यामुळे नमुने देशातच वाचण्याची सोय वाढवणं हाच मार्ग मला दिसतो. यूएसबीला जोडून चालणारी, खिशात मावणारी डीएनए वाचक यंत्रं आता मिळतात. किनाऱ्यावरच्या एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेलाही ते अशक्य राहिलेलं नाही.

दुसरी वाट पाण्यातल्या डीएनएची. प्राणी जाताना कातडीच्या पेशी, विष्ठा, श्वासाचे थेंब मागे सोडतो. पाणी गाळून त्यातून प्रजाती ओळखता येते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, प्युजेट साउंडमध्ये ओर्का (किलर व्हेल) गेल्यावर दोन तासांपर्यंत त्यांचं डीएनए पाण्यात सापडल्याचं २०१८ मध्ये नोंदवलं गेलं. प्राण्याला हात लावायचा नाही, बाण मारायचा नाही. यातून एकेक प्राणी ओळखणं अवघड, आणि पाणी वाहतं हेही ध्यानात ठेवावं लागतं. तरी कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी, मच्छीमारांच्याच होडीतून, वर्षभर नमुने घ्यायला याहून चांगली पद्धत मला सुचत नाही.

हंपबॅक देवमाशांच्या बाबतीत पूर्व काठाची निकड आणखी मोठी. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ओमानला उपग्रह-टॅग लावलेली ‘लुबान’ नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या समोर आली आणि तिथून भारताच्या दक्षिण टोकाकडे गेली. गोव्याजवळ पाण्याखाली हंपबॅकचं गाणंही ध्वनिमुद्रित झालं आहे. म्हणजे ७०,००० वर्षांचा हा वंश आपल्या अंगणात येतो. त्यांच्यासाठी ओमानचा किनारा जितक्या तपशिलाने आखला गेलाय तितक्याच तपशिलाने आपला किनारा आखायला हवा, आणि त्याला आपल्याच बाजूचे नमुने लागतील.

दुसरी उणीव नकाशाची नाही, तो वाचणाऱ्यांची; तरी ॲटलसने ती आणखी ठळकपणे सांगायला हवी. जिथे रंग नाही तिथे प्राणी नाहीत असं समजणारे भेटतात. रंग नाही याचा अर्थ पुरावा टेबलावर आला नाही, एवढाच. आमच्या क्षेत्रातल्या एका बैठकीत ‘इथे इम्मा नाही, मग सर्वेक्षण कशाला?’ हा प्रश्न मी ऐकला आहे. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत हे लिहिलेलं असायला हवं.

तिसरी, भाषेची. पत्रकं इंग्रजीत आहेत आणि संशोधकांसाठी लिहिलेली आहेत. सिंधुदुर्ग–कारवारच्या पाण्यावर ज्यांचं पोट आहे त्यांच्यापर्यंत ती मराठीत, कोकणीत आणि कन्नडमध्ये पोचायला हवीत. यात एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे: इम्मा म्हणजे अभयारण्य नव्हे. त्याला कायद्याचं बळ नाही, त्यामुळे मासेमारी बंद होत नाही, कुणाची रापण उचलली जात नाही. मालवणात अभयारण्याचं नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. हा फरक समजावला नाही तर चांगल्या कामाला फुकट विरोध होईल.

कायद्याचं बळ नसूनही हा नकाशा काम करतो, हेही मी बघते. वायव्य भूमध्य समुद्राला २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ‘विशेष संवेदनशील’ क्षेत्र ठरवलं, त्यामागच्या पुराव्यात इम्मा होती. श्रीलंकेच्या दक्षिणेला निळ्या देवमाशांना जहाजांची धडक बसू नये म्हणून एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने २०२२ मध्ये आपला मार्ग आणखी दक्षिणेला नेला. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रकल्पांत तर इम्माचं नाव अहवालात आलं की एअरगनचं वेळापत्रक विणीच्या महिन्यांतून हलवा, निरीक्षक होडीवर ठेवा, अशा अटींवर निदान चर्चा सुरू होते. नाव नसेल तर ती सुरूच होत नाही.

कुणी वापरावा? प्राणिशास्त्र आणि मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नक्की. जेट्टी, बंदर किंवा वाळू उपशाच्या जनसुनावणीला जाणाऱ्या गावकऱ्यांनी पत्रक छापून सोबत न्यावं. नकाशासकट हातात कागद असला की बोलण्याला वजन येतं. डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीवाल्यांनीही बघावा. फोनवर पत्रकं वाचणं कठीण जातं, लॅपटॉप बरा.

पाचपैकी चार तारे. पाचवा जनुकीय नमुन्यांचा थर आला की देईन. सिंधुदुर्ग–कारवारच्या पत्रकाचा मराठी गोषवारा मी स्वतःच्या वापरासाठी केला आहे, निकषांच्या साध्या स्पष्टीकरणासह. मच्छीमार सोसायटीला, शाळेला किंवा कॉलेजला हवा असेल तर खाली लिहा, पाठवते. मालवणी करून देणारं कुणी असेल तर फारच बरं होईल. वेंगुर्ला, शिरोडा बाजूचं कुणी असेल तर आधी बोलूया, कारण माशांची आणि खाड्यांची नावं तिकडे वेगळी आहेत.